अनोळखी मोटर

माझ्या यंत्रानं सायरा मुलाणीला तिसऱ्यांदा बाद दिलं, तेव्हा बोरगावच्या मैदानावरच्या दोन हजार माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सरपंचाकडे कुणी पाहिलं नाही. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, पण दम सुटला की नाही हे सांगणं आता त्याच्या हातात उरलं नव्हतं. ते ठरवत होता माझ्या टेबलावरचा करडा डबा, आणि त्या डब्याला जबाबदार मी, वैजयंता पिसाळ, पिसाळ साऊंड सर्व्हिस. आडनाव पिसाळ आणि धंदा भोंग्यांचा, त्यामुळे लोक त्या क्षणी मला काय काय म्हणाले ते इथं लिहायला नको.

ज्यांनी शाळेनंतर कबड्डी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाई करणाऱ्या खेळाडूनं समोरच्यांच्या अंगणात शिरल्यापासून परत येईपर्यंत एका श्वासात, स्पष्ट, 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. हाच दम. तो मध्येच तुटला की खेळाडू बाद, मग त्यानं चार गडी का मारले असेनात. आता दोन हजार माणसं बोंबलत असताना, पंखे आणि जनरेटर धडधडत असताना, एका पोरीचा श्वास तुटला की नाही हे ऐकणार कोण? यावरून पूर्वी डोकी फुटायची. म्हणून २०३८ साली जिल्हा संघानं हे यंत्र घेतलं. खेळाडूच्या गळ्याशी गव्हाच्या दाण्याएवढा बिनतारी माईक चिकटवायचा, टेबलावर त्याचा रिसीव्हर ठेवायचा. दम चालू तोवर हिरवा दिवा, तुटला की लाल.

खरी करामत रिसीव्हरच्या आतली. माईकला दमाबरोबर सगळा गोंगाटही ऐकू येतो. तो काढायचा कसा? तर रिसीव्हर सतत कान देऊन असतो. जो आवाज बराच वेळ एकाच तालात, एकाच पट्टीत येत राहतो, तो त्याच्या लेखी गोंगाट. पंखा तसा असतो, जनरेटर तसा असतो. माणूस तसा नसतो. माणसाचा आवाज चढतो, उतरतो, अडखळतो. मग रिसीव्हर त्या एकसुरी आवाजाचा ठसा घेतो आणि येणाऱ्या आवाजातून तो ठसा वजा करतो. खाली उरतो तो माणूस. गोंगाट बदलत असतो म्हणून तो सामना चालू असतानाही शिकत राहतो, थांबलेल्या आवाजाचा ठसा पुसतो आणि काय काय वजा केलं त्याची यादी ठेवतो.

हे सगळं मीच संघाच्या बैठकीत समजावून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या, मला जोर चढला, आणि मी म्हणून गेले, "माणसाचा कान थकतो. यंत्राचा कान थकत नाही." पुढच्याच रांगेत माझे वडील बसले होते. आप्पा. चाळीस वर्षं पंचगिरी केलेले, डोळे मिटून दम ओळखणारे म्हणून पाच तालुक्यांत नाव असलेले. ते उठले, टोपी नीट केली आणि निघून गेले. त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

सायरा टेबलापाशी आली. तांबवाडीच्या नवजागृती मंडळाची चढाईची मुख्य खेळाडू, एकोणीस वर्षांची, उंच, कोपराला माती लागलेली.

"ताई, माझा दम न्हाई सुटला," ती म्हणाली.

भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसतं सांगत होती. मी तिला आकडे दाखवले, आवाज ऐकवला. तिचं 'कबड्डी कबड्डी' हळूहळू विरत गेलं आणि नाहीसं झालं.

"ह्ये माझंच हाय का?" तिनं विचारलं आणि ती गेली.

तिचं मंडळ बाकीच्या पोरींच्या जोरावर उपांत्य सामना कसाबसा जिंकलं. पण निवड समितीचे रंगराव नाना माझ्या शेजारीच बसले होते, आणि त्यांच्या वहीत काय लिहिलंय ते मला दिसलं: 'मुलाणी. चढाई उत्तम. दम कच्चा.' दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी अंतिम सामना होता, आणि तो संपला की राज्य स्पर्धेसाठी बारा जणींची नावं जाहीर होणार होती. दम कच्चा असलेल्या खेळाडूला नाना घेत नाहीत, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. आणि सायराचं कुमारी गटातलं हे शेवटचं वर्ष होतं.

मला जेवण जाईना. मी रिसीव्हर घरी आणला.

आमच्या घरात तेव्हा बोलण्याची एक पद्धत पडली होती. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणायचे, "हिला सांग." मग आई मला सांगायची. मी आईला म्हणायचे, "यांना विचार." तिघंही एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. आईनं पोस्टमनकी न कुरकुरता केली. तिची स्वतःची म्हणून एकच ओळ असायची. रोज सकाळी माझ्या हातात डबा देताना ती म्हणायची, "जाताना ह्यास्नी घिऊन जा." मी "हं" म्हणायचे आणि गाडीला किक मारायचे.

त्या संध्याकाळी आप्पा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी त्यांच्यासाठी लावला नव्हता, पण सायराच्या चढाईचा आवाज मोठ्यानं लावला. आधी साफ केलेला, मग कच्चा, गोंगाटासकट. कच्च्यात मला नुसता कालवा ऐकू येत होता.

शेंगांचा आवाज थांबला.

"हिला सांग," आप्पा कॅलेंडरला म्हणाले, "दम चालू हाय."

"दम चालू हाय म्हणं," आई म्हणाली.

"यांना विचार, कशावरून?"

"श्वास संपत आला की 'ड्डी' पोकळ वाजतो. मडकं फुटल्यागत. हितं शेवटपातूर भरीव हाय. परत लाव म्हणावं."

मी तो आवाज पाच वेळा लावला. आप्पांनी डोळे मिटले. आता त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणी पाहिलं होतं, मैदानाच्या कडेला त्यांच्या पायाशी बसून. मी रिसीव्हरमध्ये डोकं घातलं.

तिन्ही वेळा दिवा लाल झाला होता तो नवव्या सेकंदाला. हे मी आधी कसं पाहिलं नाही? माणसाचा श्वास कधी आठव्या सेकंदाला तुटेल, कधी बाविसाव्या. घड्याळ लावून कुणी दमत नाही. मग मी वजा केलेल्या आवाजांची यादी उघडली. पंखा एक. पंखा दोन. जनरेटर. आणि खाली, तिन्ही चढायांत: 'मोटर, अनोळखी'.

मैदानावर मोटर नव्हतीच.

"हिला सांग," आप्पा म्हणाले, "त्या पोरीच्या घरी पिठाची गिरणी आसंल. तिच्या दमात पट्ट्याचा जोड वाजतोय. तीन कबड्डीला एक ठोका. एक बी हुकत न्हाई."

मी हसले. मग माझं हसू थांबलं.

सकाळी उठल्या उठल्या मी रिसीव्हर पिशवीत घातला. आईनं डबा दिला, "जाताना ह्यास्नी घिऊन जा" म्हणाली, मी "हं" म्हणाले आणि एकटीच तांबवाडीला गेले. मुलाण्यांचं घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडापासूनच गिरणीचा आवाज येत होता.

सायराची आई जैतूनबी गिरणीवर होती. भुवयांपासून पायांपर्यंत पांढरी. गिरणी जुनी, रुंद पट्ट्याची. पट्ट्याचा जोड चाकावरून गेला की टप्प असा ठोका पडायचा. आणि पलीकडे ज्वारीच्या पोत्याशी सायरा वाकून उभी होती, डोळे पट्ट्यावर, "कबड्डी कबड्डी कबड्डी, कबड्डी कबड्डी कबड्डी."

तीन कबड्डीला एक ठोका.

"आठवीपासनं हितंच सराव करतीया," जैतूनबी ओरडून म्हणाली. गिरणीत ओरडल्याशिवाय भागत नाही. "वीस ठोकं झालं की श्वास घ्यायचा, असा तिचा नेम हाय."

मी गिरणी बंद करायला सांगितली. सायराच्या गळ्याला माईक लावला आणि म्हटलं, घाल दम. शांत खोलीत ती एकटी दम घालत होती. हिरवा दिवा. पाच सेकंद, सात, आठ. नवव्या सेकंदाला दिवा लाल झाला, पोरगी तशीच दम घालत राहिली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'मोटर, अनोळखी. वजा केली.'

सायरानं पडदा वाचला. परत वाचला. मग ती पोत्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली.

"अम्मी! मी मोटर हाय म्हणं!"

"किती हॉर्सपॉवरची, ते इचार," जैतूनबी म्हणाली.

मीही हसले. हसता हसता मला रडू आलं, कारण एवढी वर्षं घोटून घोटून त्या पोरीनं आपला दम इतका नितळ केला होता की यंत्राला तिच्यात माणूस सापडेना. दम कच्चा होता म्हणून नव्हे, पक्का होता म्हणून मी तिला बाद करत होते. तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं ऱ्हाऊ द्या ताई. आज काय करायचं?"

तिनं मुद्दाम वाकडातिकडा दम घालून पाहिला. चार सेकंदांत तिला ठसका लागला. मग मी पोत्यावर बसून रिसीव्हरची माहितीपुस्तिका काढली, जी विकत घेतल्यापासून माझ्यासकट कुणीच शेवटपर्यंत वाचली नव्हती. एकशे बाराव्या पानावर होतं: 'हाताने शिकवणे.' मागच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की तेवढा वेळ रिसीव्हर नवा ठसा घेत नाही. पंखे, जनरेटर हे आधीचे ठसे वजा करत राहतो, पण नव्या आवाजाला गोंगाट ठरवत नाही. दम चालू आहे तोवर बटण दाबून ठेवायचं, तुटला की सोडायचं. म्हणजे बटणावर असा माणूस हवा, ज्याला दोन हजारांच्या कालव्यात एका पोरीचा 'ड्डी' ऐकू येतो.

असा माणूस मला एकच माहीत होता.

आधी रंगराव नानांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"यंत्र तूच पास केलंस. कागदावर सही तुझी. आता मधीच सेटिंग बदलायचं तर नियम हाय. दोन्ही कर्णधारांची मान्यता लागंल, आणि कारण भोंग्यावरनं सांगाय लागंल. समद्यांसमोर. पुढच्या हंगामात बारा तालुकं ह्यो डबा घेणार हुते, त्ये बी असणार हितं. बघ बाई."

नवजागृतीच्या कर्णधारानं लगेच सही दिली. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर असलेल्या रणझुंजार मंडळाची कर्णधार प्राजू वाघमोडे केसांना रबर लावत होती. नऊ सेकंदांची भानगड कळल्यावर तिनं नकार दिला असता, तर सामना तिचाच होता. ती म्हणाली, "सायराला बाद करायचं हाय ते आमी करणार. डब्यानं का करायचं?" आणि सही केली.

मग मी घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आई, यांना सांग," मी सवयीनं सुरुवात केली आणि थांबले. "नको. फोन आप्पांना दे."

फोन हातातून हातात गेलेला कळला. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आप्पा," मी म्हणाले, "मला तुमचा कान पाहिजे."

मग फोन परत आईकडे गेला. मागून आप्पांचा आवाज आला, "हिला सांग, पांढऱ्या शर्टाला इस्त्री न्हाई."

पंचवीस मिनिटांत ते मैदानात होते. पंचाचा पांढरा शर्ट, चुरगळलेला, गळ्यात जुनी शिट्टी. मी काही न बोलता टेबलाजवळची माझी खुर्ची त्यांना दिली आणि माईक हातात घेतला. आयुष्यभर मी दुसऱ्यांसाठी माईक लावले, 'हॅलो, चेक, चेक' याच्यापुढं कधी बोलले नव्हते.

"काल सायरा मुलाणीचा दम तीनदा सुटल्याचं यंत्रानं सांगितलं. तो सुटला नव्हता. यंत्र चुकलं, आणि ते मी तपासलं नाही, म्हणून मीही चुकले. दोन महिन्यांपूर्वी मी म्हणाले होते, यंत्राचा कान थकत नाही. ते खरं आहे. पण त्याला सवय लागते. एखादी गोष्ट न चुकता, न कुरकुरता रोज एकसारखी येत राहिली, की ती त्याला ऐकूच येत नाही. आज यंत्रापाशी आप्पा पिसाळ बसतील."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "पिसाळीण खरं बोलली!" आणि टाळ्या अशा पडल्या की रिसीव्हरच्या यादीत नवा आवाज नोंदला गेला.

सामना कसा झाला ते बोरगावात अजून सांगतात. सायराच्या पहिल्या चढाईला नववा सेकंद आला आणि मी श्वास धरला. आप्पांचा अंगठा बटणावर, डोळे मिटलेले. दहा. अकरा. हिरवा. तेरा, चौदा. लोक मोजायला लागले. अठराव्या सेकंदाला ती प्राजूच्या खांद्याला बोट लावून परत आली, तेव्हा तांबवाडीकरांच्या टोप्या हवेत गेल्या. पुढं दोन्हीकडच्या पोरी अशा खेळल्या की रंगराव नाना वही मिटून नुसते पाहत बसले.

शेवटचं अर्धं मिनिट. सत्तावीस-अठ्ठावीस. नवजागृती एका गुणानं मागं आणि चढाई सायराची. ती आत शिरली, कोपऱ्यातल्या पोरीला पायानं शिवली, वळताना दुसरीला हातानं. दोन गुण, म्हणजे चषक. पण प्राजूनं मागून घोटा धरला आणि दोघी आडव्या झाल्या. सायरा मध्यरेषेकडे सरपटत होती. तोंडानं कबड्डी चालू होतं, दिवा हिरवा होता, रेषा वीतभर राहिली होती.

आप्पांचा अंगठा उचलला गेला.

अर्ध्या सेकंदानं दिवा लाल झाला. अंगठा आधी, दिवा नंतर. मी शेजारी उभी होते, मी पाहिलं.

मैदान उसळलं. "म्हाताऱ्याला दिसतंय काय!" इथपर्यंत गोष्ट गेली. लाल दिव्यानंतर सायराचा हात रेषेवर पडला होता. ती तशीच मातीत पडून धापा टाकत होती. मग तिनं मान वर केली, आप्पांकडे पाहिलं आणि हात उंच केला.

"सुटला," ती म्हणाली. तिनं हात वर करताच मी तिच्या गळ्याचा माईक भोंग्यांना जोडला होता, त्यामुळे ते सगळ्या भोंग्यांतून ऐकू आलं. "शेवटचा ड्डी पोकळ ग्येला. आप्पा, तुमाला कळलं व्हय?"

"कळायचंच की," आप्पा म्हणाले.

चषक रणझुंजारला गेला. प्राजूनं तो एका हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं सायराला उठवून मिठी मारली. नानांनी वही उघडली, 'कच्चा'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'खरा'. बारा नावांत पहिलं नाव वाचलं गेलं ते सायरा जैतून मुलाणी, आणि तांबवाडीकर हरूनही असे नाचले की जिंकलेल्यांना वाट मिळेना. जैतूनबी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मोटर राज्याला चालली गं माझी!" तिच्या भुवयांवर अजून पीठ होतं. बारा तालुक्यांची माणसंही आली. त्यांना डबा हवाच होता, फक्त प्रत्येकानं विचारलं, बटणावर बसायला माणूस कुठून आणायचा. आप्पा म्हणाले, "शिकवतो की. महिनाभर लागंल."

दिवेलागणीला आम्ही घरी जेवायला बसलो. आप्पांनी भाकरी मोडली, कॅलेंडरकडे पाहिलं, "हिला," म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे वळले.

"वैजे, तुजा उजवा भोंगा फाटतोय. उद्या बघ."

"बघते, आप्पा," मी म्हणाले. दोन महिन्यांनी कुणी मला वैजे म्हटलं होतं.

आईनं पळी खाली ठेवली.

"दोन महिनं," ती म्हणाली, "रोज सकाळी ह्या पोरीला सांगतीया, जाताना ह्यास्नी घिऊन जा. तुमी बी तितंच बसलेलं असायचा. ऐकलं का कुणी?"

आप्पांनी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. पाच तालुक्यांत कानासाठी प्रसिद्ध असलेला माणूस.

"कवा म्हणालीस?" त्यांनी अगदी खरंच विचारलं.

मी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी माझ्याकडे. मग मी उठले, कोपऱ्यात चालू असलेला पंखा बंद केला आणि आईसमोर येऊन बसले.

"आई," मी म्हणाले, "परत सांग. पहिल्यापासून."

आई आधी लाजली, मग हसली. मग तिनं पदर खोचला आणि बोलायला लागली. भाकऱ्या गार झाल्या, पण त्या संध्याकाळी तिचा एकही शब्द कुणी वजा केला नाही.